शिळ्या पाण्याचा ड्रम

माझ्यावर झाड रंगवायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मासा नको, पृथ्वी नको, हात जोडलेला पाण्याचा थेंब तर मुळीच नको. मी एक ड्रम आहे. दोनशे लिटरचा, निळा, एका कुशीला चेपलेला. भांडुपच्या चढाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेच्या फाटकात उभा असतो. पर्यावरणावर भाषणं देणाऱ्यांकडे व्यासपीठ असतं, माइक असतो, शाल-श्रीफळ असतं. माझ्याकडे फक्त एक तोटी आहे. पण माझ्याकडे हकिकत आहे, आणि ती त्यांच्याकडे नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. भान आलं तेव्हा पोटात संत्र्याचा अर्क होता आणि मी सरबत बनवणाऱ्या एका गाळ्यात उभा होतो. अर्क संपला, मी अंगणात आलो. गुणाजीआजोबा त्या गाळ्यावर वॉचमन होते. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम धरलेलं. त्यांनी मला मालकाकडून मागून घेतलं, डोक्यावर उपडा घातला आणि तसेच चढ चढून घरी निघाले. समोरून येणाऱ्यांना ड्रमला पाय फुटलेले दिसले. दोन कुत्री चाळीपर्यंत भुंकत आली.

घरी रत्नप्रभाआजींनी मला आधी चिंचेने, मग राखेने, मग साबणाने घासलं. तरी सहा महिने त्या घरातल्या चहाला संत्र्याचा वास होता.

"चाय हा की सरबत?" आजोबा विचारायचे.

"गप पिया. फुकटचो ड्रम कोणी आणल्यान?" आजी म्हणायच्या.

आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि सातला जातं. शहराला पुरवायचं पाणी ज्या केंद्रात शुद्ध करतात ते आमच्या नजरेच्या टप्प्यात आहे, पण चढ चढताना त्याला धाप लागते. तेव्हा त्या दीड तासात नळावर जे काही चालतं त्याला भांडण म्हणणं कमीच. हंडे आदळतात, रांगा मोडतात, माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आजी त्या नळाच्या राणी होत्या. त्यांच्या आवाजाने कळशी आपोआप सरकायची.

आता या माणसांची एक खोड ऐका. पाणी यायच्या दहा मिनिटं आधी आजी माझं झाकण काढून आत डोकावायच्या. पोटात साठ-सत्तर लिटर पाणी उरलेलं असायचं. स्वच्छ, गार, कालच्याच नळाचं. आणि आजी हुकूम सोडायच्या, "शिळा पाणी. ओता!"

मग मला तिरका करून ते पाणी गटारात. मला आतून खंगाळायचं आणि 'ताजं' पाणी भरायचं. एकट्या आमच्या घरात नव्हे, ओळीतल्या तीसही घरांत हेच चालायचं. ज्या पाण्याच्या कळशीसाठी काल झिंज्या धरल्या, तेच पाणी आज कालच्या भाकरीसारखं शिळं! पहाटे आमच्या गटारातून ओढ्यासारखं पाणी वाहायचं. चढ उतरून, शाळेच्या भिंतीला घासून, मोठ्या नाल्यात जायचं. ती भिंत मला तेव्हा दिसत नव्हती. दिसली असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

आजोबा गेले. घरात नात वाढत होती, दीप्ती. सातवीत, दुपारच्या सत्रात. पावणेएकला जायची, सहाला यायची. दार उघडलं की दप्तर टाकायची, तांब्या माझ्यात बुडवायची आणि उभ्या उभ्या गटागटा प्यायची. एक तांब्या, दुसरा तांब्या. मग दप्तरातली बाटली काढायची. बाटली गळ्यापर्यंत भरलेली असायची. सकाळी भरली तशीच.

"दिवसभर पाणी पिणस नाय? घसो सुकणा नाय काय गो तुझो?" आजी विचारायच्या.

"तहान नाही लागली."

खोटं बोलत होती. दोन तांबे माझ्याच पोटातून गेले होते, मला कसं फसवणार? आणि ती भरलेली बाटली ती मोरीत ओतायची. माझ्यात ओतायला गेली तर आजी खेकसायच्या, "शाळेतला शिळा पाणी माझ्या ड्रमात नको!"

एक दिवस ती शाळेतून आली ती ताप घेऊनच. लघवीला जळजळ. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, "पाणी पीत जा, बाळ. भरपूर." घरी आल्यावर दीप्ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली.

"पाणी पिऊन काय करू, आजी? दुपारी मुलींच्या संडासाला कुलूप असतं. पाणीच नसतं ना. प्यायलं की जावं लागतं. म्हणून आम्ही कोणीच पीत नाही."

"कोणीच?"

"वर्गातल्या एकवीसही मुली."

आजींनी तांब्या माझ्यात बुडवला आणि तिच्या हातात दिला. 

सोमवारी सकाळी त्यांनी पदर खोचला. आदल्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने पोटमाळ्यावर काळी टाकी बसवली होती आणि मला भंगारात द्यायचं घाटत होतं. आजींनी मला आडवा केला आणि पायाने ढकलत चढ उतरायला लागल्या. धड, धड, धडाम! कोंबड्या पळाल्या, एक स्कूटर थांबली, पोरं मागे लागली. अशी वरात मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती माझीच होती.

मुख्याध्यापकांचं नाव नंदकुमार सर. माणूस दुष्ट नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. त्यांच्या टेबलावर 'हरित शाळा' स्पर्धेचा अर्ज होता. बाहेर भिंतीवर रडणारी पृथ्वी रंगवलेली. फाटकावर 'प्लास्टिक टाळा' असा फलक, तोही फ्लेक्सचा.

"ह्यो घ्या ड्रम," आजी म्हणाल्या. "पाणी नाय म्हणान पोरींच्या संडासाक टाळा लावतास?"

"काकू, शांत व्हा. टाकी लहान आहे. सकाळच्या सत्रातच संपते. संस्थेला मी तीन पत्रं लिहिली आहेत."

"पत्र दाखवल्यार पोरींची लघवी थांबता?"

शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला चहाचा ठसका लागला. सर लाल झाले. पण दारात एक बाई उभ्या होत्या, हाताला खडू लागलेला. त्या सुलक्षणाबाई. विज्ञान शिकवायच्या. त्या दिवशी फळ्यावर 'पाण्याचा जपून वापर' लिहून आलेल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ड्रम ठेवून जा, आजी. पाणी मी बघते."

साडेबाराला सकाळचं सत्र सुटलं. पहिली ते चौथीची साडेचारशे पोरं फाटकाशी आली आणि रोजच्यासारखी बाटल्या उघडून गटारात उपड्या करायला लागली. बाटली रिकामी करून आण, दप्तर भिजतं, ही प्रत्येक आईची ताकीद. आई लिटरभर पाणी देते, त्यातलं एकतृतीयांश तरी बाटलीत उरतंच. हे बाईंनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण दिसलं त्या दिवशी.

"थांबा! गटारात नाही. ह्याच्यात ओता."

आणि मग काय विचारता! लाल बाटल्या, गुलाबी बाटल्या, गाडीच्या आकाराच्या, बाहुलीच्या टोपीच्या. ज्यांचे हात पोचत नव्हते त्यांना मोठ्यांनी उचलून धरलं.

"माझं बघ, माझं जास्त!"

"ए, ढकलू नको ना यार!"

"बाई, ह्याने सरबत ओतलं!"

"सरबत नाही बाई, आईने संत्र्याचं पाणी दिलेलं!"

संत्रं! मला माझं बालपण आठवलं. वीस मिनिटांत दीडशे लिटर पाणी माझ्या पोटात होतं. एक नळ नाही, एक पाइप नाही. बाईंनी त्याच सकाळी स्वतः खर्च करून खाली तोटी बसवून घेतली होती. संडासाची चावी कमरेला बांधणाऱ्या मंजुळामावशी बादली घेऊन आल्या. आता उघडणार कुलूप!

नाही उघडलं.

कारण नंदकुमार सर खाली आले, माझ्यात डोकावले आणि त्यांचा चेहरा उजळला. "झकास! शुक्रवारी स्पर्धेची समिती येतेय. हे त्यांना दाखवायचं. तोवर कोणी हात लावायचा नाही. 'पाणी वाचवा' म्हणजे काय, ते कळू दे त्यांना."

"सर, पण मुलींसाठी..." बाई म्हणाल्या.

"चारच दिवस, बाई. नंतर बघू."

त्यांनी सातवीतल्या सम्यकला 'जलरक्षक' नेमलं. त्याला हिरवा पट्टा मिळाला आणि शिट्टी. सम्यक मन लावून काम करणारा मुलगा होता, आणि शिट्टी हातात असलेला मन लावून काम करणारा मुलगा म्हणजे संकटच. तोटीकडे कोणी बघितलं तरी शिट्टी. मावशी बादली घेऊन जवळून गेल्या तरी शिट्टी. पाणी सगळ्यांना दिसावं म्हणून झाकणही काढून ठेवलं.

"अरे, पण पाणी वाचवून करायचं काय?" दीप्तीने त्याला विचारलं.

"वाचवायचं."

"मग?"

"मग काय? वाचलं ना!"

"तुला काय रे, तू भिंतीमागे जातोस!"

सम्यकने उत्तर म्हणून शिट्टी वाजवली.

गंमत बघा. मला हात लावायचा नाही, म्हणून माझ्यात आणखी पाणी ओतता येईना. म्हणून मंगळवारी साडेचारशे बाटल्या पुन्हा गटारात. बुधवारी गटारात, गुरुवारी गटारात. मी पाणी वाचवत होतो म्हणून रोज दीडशे लिटर पाणी वाया जात होतं! आणि माझ्यापासून वीस पावलांवर कुलूप लटकत होतं, आणि एकवीस मुली पाच तास कोरड्या घशाने 'पाण्याचं महत्त्व' या विषयावर निबंध लिहीत होत्या. मी माणूस असतो तर कोणाची तरी गचांडी धरली असती. ड्रमला हात नसतात. मी फक्त भरून उभा राहिलो, आणि याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवार आला. समितीत दोघं होते. एक फोटो काढणारे गृहस्थ आणि एक मॅडम, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. सरांनी रडणारी पृथ्वी दाखवली, कुंड्या दाखवल्या. मग मला दाखवलं. मला झेंडूची माळ घातली होती.

"हे पाणी आमच्या विद्यार्थ्यांनी वाचवलं. सोमवारपासून एक थेंब सांडू दिलेला नाही."

मॅडम कौतुकाने पुढे झाल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्यात वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या.

"सर, हे काय वळवळतंय?"

डासांची पिल्लं होती. झाकण नसलेला ड्रम, पाच दिवसांचं साचलेलं पाणी. डासांनाही कळतं घर कुठे करावं.

सरांना घाम फुटला. सम्यक मात्र छाती काढून पुढे आला. "मॅडम, जैवविविधता!"

फोटोवाल्या गृहस्थांचा कॅमेरा हसण्याने हलायला लागला. मॅडमनी ओठ आवळून विचारलं, "बरं. या पाण्याचं तुम्ही करता काय?"

 सरांनी सम्यककडे बघितलं, सम्यकने शिट्टीकडे. तेवढ्यात दुपारच्या सत्राच्या रांगेतून दीप्ती बाहेर आली. ती थेट माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"काही करत नाही, मॅडम. राखतो."

"म्हणजे?"

"आमच्या संडासाला दुपारी कुलूप असतं. पाणी नाही म्हणून. आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. हा ड्रम माझ्या आजीने आमच्यासाठी दिला होता. दाखवायला नाही."

सर म्हणाले, "दीप्ती, नंतर बोलू आपण." पण मंजुळामावशींनी कमरेची चावी काढून हातात धरली होती. "नंतर कशाला, सर? मी काय हौसेने कुलूप लावते? पाणी नसलं की घाण होते, घाण झाली की बोलणी मलाच. पाणी द्या, आत्ता उघडते."

सगळे सरांकडे बघत होते. सरांनी एकदा समितीकडे पाहिलं, एकदा मुलींच्या रांगेकडे. काय वाटलं त्यांना, मला माहीत नाही. ते खाली वाकले, आणि त्या गलेलठ्ठ, इस्त्रीच्या पँटमधल्या माणसाने स्वतःच्या हाताने माझी तोटी उघडली.

काय आवाज होता तो! बादलीत पडणारं पाणी, मागून कुलपाची 'खट', आणि त्यामागून एकवीस मुलींचा एकदम झालेला गलका. डासांची पिल्लं जिथे जायची तिथे गेली. मुलींच्या रांगेत कोणीतरी बाटली उघडली आणि तोंडाला लावली. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच. जणू काही पार्टी चाललीय. सुलक्षणाबाई पाठ फिरवून उभ्या होत्या, खडूचा हात डोळ्यांना लावलेला. माळेतला झेंडू बादलीत पडला, तोही संडासात गेला.

बक्षीस नाही मिळालं. ते मुलुंडच्या एका शाळेला गेलं, तिथे म्हणे उभी बाग आहे. असू दे. आमच्याकडे उघडं कुलूप होतं.

पण लगेच दुसरी पंचाईत आली. मुली पाणी प्यायला लागल्या, म्हणजे जायलाही लागल्या. पाचवी ते आठवीच्या मिळून ऐंशी मुली. दीडशे लिटर पाणी तीनलाच संपायचं. मावशी पुन्हा कुलपाकडे बघायला लागल्या. दीप्ती त्या संध्याकाळी घरी जाऊन आजींशी भांडली. मी तिथे नव्हतो, पण तिने दुसऱ्या दिवशी माझ्या झाकणावर बसून मैत्रिणीला सगळं सांगितलं, आजीच्या आवाजासकट.

"मी म्हटलं, आजी, पाणी एका दिवसात शिळं होत नाही. झाकून ठेवलं तर चांगलं राहतं. तुझं ताजं पाणी गेल्या पावसाळ्यातलं आहे, इतके महिने तलावात होतं."

"मग?"

"आजी म्हणते, 'तलाव देवाचो, ड्रम आपलो. माका शिकवू नको. शिळा ता शिळाच.'"

"वाट लागली."

"अगं, ऐक ना. मी रडायला लागले. मग तिने पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, 'पण गो, संडासाक काय शिळा नि काय ताजा?'"

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, नळ गेल्यावर आणि फाटक उघडायच्या आधी, रत्नप्रभाआजी कळशी घेऊन दारात उभ्या. मागे ओळीतल्या आठ बायका, हंडे, बादल्या, एकीच्या डोक्यावर टोप. नळावर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या याच त्या.

"सरक गो, माझा आधी."

"रांगेत ये! इथे पण घुसतेस?"

एकेक करून त्यांनी आपलं शिळं पाणी माझ्यात ओतलं. इतकी वर्षं शाळेच्या भिंतीला घासून नाल्यात गेलेलं तेच पाणी, या वेळी फाटकातून आत आलं. पहिलीतल्या पोरांना सोडायला येणाऱ्या आयांनी दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली. हातात पोर, दुसऱ्या हातात बाटलीभर शिळं पाणी. माझ्या शेजारी आता आणखी दोन ड्रम उभे आहेत. तिघांनाही घट्ट झाकण आहे. रोजचं पाणी रोज संपतं. शनिवारी आम्हाला उपडं करून सुकवतात. ते काम जलरक्षकाचं. सम्यक काथ्या घेऊन डोक्यापर्यंत माझ्यात शिरतो, बाहेर नुसते पाय दिसतात, आणि आतून भसाड्या आवाजात गाणी म्हणतो. त्याला वाटतं आवाज चांगला येतो. मी कोणाला सांगत नाही.

मोठी टाकी? संस्थेला चौथं पत्र गेलं आहे. या वेळी त्याखाली सरांची सही आहे, ऐंशी मुलींची आहे, आणि नऊ बायकांच्या सह्या-अंगठे आहेत. मी वाट बघतोय. टाकी आली की मी रिटायर व्हायला तयार आहे, भंगारात गेलो तरी चालेल. पण तोवर हलणार नाही.

आणि तुम्ही, वाचणारे. तुमच्या मुलांच्या शाळेत कुंड्या किती, पोस्टर किती, शपथ कोणी दिली, हे मला सांगू नका. एकदा दुपारी तीन वाजता जा. मुलींच्या संडासाच्या दाराला हात लावून बघा. उघडलं तर माझा नमस्कार सांगा. नाही उघडलं, तर आत जाऊन भांडा. पदर नसला तर बाह्या वर करा.

काल सहाला शाळा सुटली. दुपारच्या सत्रातल्या मुलीही जाताना आपल्या बाटल्या माझ्यात ओततात, उद्याच्या सकाळसाठी. दीप्ती आली. आता आठवीत आहे, उंच झालीय. तिने माझं झाकण सरकवलं, बाटली उपडी केली.

काही पडलं नाही. तिने बाटली हलवली, तळाला दोन थापा मारल्या.

एक थेंबसुद्धा नाही.

"अगं, सगळं पिऊन टाकलं मी!" ती मैत्रिणीला म्हणाली, आणि दोघी हसत चढाकडे पळाल्या. इतर मुलींच्या बाटल्यांतूनही त्या दिवशी थेंब पडला नव्हता; मी रिकामा होतो. तिने जाता जाता माझ्या पोटावर एक थाप मारली, आणि मी असा घुमलो, असा घुमलो, की फाटकाशी बसलेल्या मंजुळामावशींनी वळून पाहिलं.